हाताने भेटकार्ड करताना या चुका टाळा

कार्डशीट निवडताना बहुतेकांची नजर रंगावर असते, जाडी विचारणारे थोडेच. मग घरी कापाकापी होते, फुलं चिकटतात आणि टेबलावर उभं केलेलं कार्ड मान टाकतं. भेटकार्ड बिघडतं ते बहुधा सजावटीच्या आधीच, कागद, घडी आणि गोंद या तीन ठिकाणी. तिथे नीट लक्ष दिलं तर साधं कार्डसुद्धा देखणं दिसतं.

जाडीपासून सुरुवात करू. कागदाच्या गठ्ठ्यावर जीएसएमचा आकडा असतो. एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, ते तो सांगतो. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो. कार्डाच्या मुख्य पानाला २२० ते ३०० हवा. वर चिकटवायचे थर मात्र १००-१५० चेच घ्या, नाहीतर पुढची बाजू जड होऊन कार्ड तोंडावर पडतं.

घडी का फाटते

सगळ्यात जास्त तक्रारी घडीच्या. दुमडलेल्या जागी बारीक भेगा पडतात, पांढरे धागे दिसतात, कडा उसवल्यासारखी होते. याचं मुख्य कारण म्हणजे कागदाची धार, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा. गिरणीत कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेला झोपतात. तंतूंच्या दिशेने घडी घातली तर ती सहज आणि स्वच्छ बसते. आडवी घातली तर तंतू मोडतात.

दिशा ओळखायला काही लागत नाही. कागद न दुमडता नुसता वाकवून बघा, आधी लांबीच्या बाजूने, मग रुंदीच्या. ज्या बाजूने तो कमी विरोध करून वळतो, त्या वळणाची रेषा तंतूंना समांतर असते. खात्री हवी असेल तर कापून उरलेला चौकोनी तुकडा एका बाजूने किंचित ओला करा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळी होतो, ती तंतूंची दिशा.

आता एक हिशेब. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. बऱ्याचदा तंतू २९७ च्या बाजूने असतात (नेहमीच नाही, म्हणून आधी वाकवून बघायचं). असा कागद रुंदीत आडवा कापून दोन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा २१० च्या मधोमध, म्हणजे १०५ वर दुमडला, तर घडी तंतूंच्या बाजूने येते. तोच कागद उभा चिरून लांब पट्ट्या केल्या आणि त्या मधोमध दुमडल्या, तर कार्डाचं माप तेच, पण घडी तंतूंवर आडवी. एकाच गठ्ठ्यातली काही कार्डं छान आणि काही फाटकी का होतात, याचं उत्तर बरेचदा इथे सापडतं.

धार बरोबर असली तरी जाड कागद थेट हाताने दुमडू नये. आधी खोबणी पाडायची. त्यासाठी खास हत्यार मिळतं, पण रिफिल संपलेलं बॉलपेन किंवा विणकामाच्या सुईचं बोथट टोक चांगलं काम करतं. कर्कटकाचं टोक वापरू नका, ते दाबत नाही, चिरतं. खाली जुनं मासिक ठेवा, स्टीलची पट्टी धरा आणि एकाच जागी दोन-तीनदा बेताच्या दाबाने ओढा. मग खोबणी घडीच्या बाहेरच्या बाजूला राहील आणि मागे उठलेला उंचवटा आत जाईल, अशी घडी घाला. अनेकजण नेमकं उलट करतात. शेवटी घडीवर साधा कागद ठेवून चमच्याच्या पाठीने दाबा. थेट घासलं तर गडद रंगावर चकाकणारा पट्टा उमटतो.

घडी फाटलीच तर पुढचं पान घडीवर कापून घ्या आणि सजावटीसकट नव्या कार्डावर चिकटवा. दोन थरांचं कार्ड उलट जास्त भरीव दिसतं.

हातकागदाला वेगळं वागवावं लागतं. पुण्यात शिवाजीनगरला १९४० मध्ये हातकागद संस्था सुरू झाली. सुती चिंध्यांचा लगदा साच्यावर उचलून केलेल्या अशा कागदात तंतू सगळीकडे विखुरतात, त्यामुळे घडीचा त्रास कमी. पण त्याचे काठ सरळ नसतात. काठावरून माप घेतलं की कार्ड तिरकं झालंच. आधी गुण्याने एक सरळ रेष आखा आणि सगळी मापं तिच्यावरून घ्या. तो खरबरीत काठ ठेवायचाच असेल तर कापू नका. ओल्या कुंचल्याने रेष ओढा, पाणी मुरू द्या आणि हळूच फाडा.

गोंदाने फुगलेला कागद

पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी असतं. ते शोषून कागद पसरतो, वाळताना आकसतो आणि खालच्या थरालाही ओढतो. म्हणून कार्ड पन्हाळीसारखं वळतं. मोठ्या तुकड्याला ग्लूस्टिक किंवा डबल टेप वापरा. फेविकॉलच हवा असेल तर जुन्या एटीएम कार्डाने अगदी पातळ पसरा, दोन्ही थरांचे तंतू एका दिशेला ठेवा आणि कोऱ्या कागदांमध्ये घालून जड पुस्तकांखाली रात्रभर दाबा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे वाळणं फार लांबतं. तेव्हा टेपच बरी. वळलेलं कार्ड सरळ करायला मागच्या बाजूला तेवढाच कागद तसाच चिकटवा, दोन्हीकडची ओढ सारखी होते.

डबल टेप वाकडी बसली तर ओरबाडू नका. हेअर ड्रायरची ऊब दिली की गोंद सैल होतो. फोम टेपच्या मागून दोरा करवतीसारखा ओढला की ती सुटते.

कापण्याबद्दल थोडक्यात. काठाला पिसं निघत असतील तर कटरचं पातं बोथट झालंय, पुढचा तुकडा मोडा. एका दमात जोर लावण्यापेक्षा तीन हलके हात फिरवा. प्लॅस्टिकची पट्टी पात्याने कापली जाते आणि पुढच्या सगळ्या रेषा वाकड्या येतात.

मजकूर सगळ्यात शेवटी लिहिणं हीही चूकच. चकचकीत कागदावर जेल पेनची शाई लवकर सुकत नाही, हातकागदावर शाईपेनची पसरते आणि तोवर सगळी मेहनत खाली पणाला लागलेली असते. शुभेच्छा वेगळ्या साध्या कागदावर लिहा, सुकू द्या, मग आत चिकटवा.

आणि पाकीट आधी आणा. १०५ बाय १४८ च्या कार्डाला ११४ बाय १६२ चं सी-सिक्स पाकीट बसतं, पण फोम टेपचे दोन थर चढवले की तेच पाकीट कडेला उसवतं. कार्ड पोस्टाने जाणार असेल तर मणी आणि बटणं पाकिटाच्या उजव्या वरच्या कोपऱ्याखाली येऊ देऊ नका. तिकिटावरचा शिक्का नेमका तिथेच पडतो.