ताई ची शिकताना आधी पाऊल, मग हात

ताई ची या चिनी युद्धकलेचा वर्ग लावण्यापूर्वी तेथे कोणती शैली आणि कोणता संच, म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींची मालिका, शिकवतात, हे विचारून घ्यावे. चीनच्या हनान प्रांतातील चेनजियागोऊ या गावच्या युद्धकलेतून यांग, वू, सुन अशा शैली पुढे निघाल्या. मूळच्या चेन शैलीत संथ हालचालींमधूनच एकाएकी वेगवान प्रहार येतात, तर यांग शैलीचा वेग आरंभापासून अखेरपर्यंत बहुधा सारखा राहतो. नवशिक्यांना, त्यातही पन्नाशी ओलांडलेल्यांना, यांग शैलीवर आधारलेला २४ हालचालींचा संच सोयीचा पडतो. सर्वसामान्यांना लवकर शिकता यावा यासाठीच तो चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये तयार करवून घेतला, आणि तो पूर्ण करण्यास पाच-सहा मिनिटे पुरतात.

पैसे भरण्यापूर्वी एक तास नुसते बसून वर्ग पाहावा. शिक्षक पुढे उभे राहून संच करीत आहेत आणि मागचे सगळे त्यांच्याकडे पाहून हात हलवीत आहेत, एवढेच दिसले तर दुसरा वर्ग शोधावा. जे शिक्षक रांगांमधून फिरून प्रत्येकाचे गुडघे आणि पावले पाहतात आणि पहिले काही आठवडे केवळ चालायला लावतात, त्यांच्याकडेच शिकावे, असे मी आग्रहाने सांगेन.

हे चालणे घरीही करता येते. पायांत खांद्यांएवढे अंतर ठेवून, गुडघे किंचित सैल सोडून उभे राहावे आणि सगळा भार सावकाश उजव्या पायावर न्यावा. डावा पाय इतका हलका झाला पाहिजे, की शरीर न डोलता तो उचलता यावा. मग डावी टाच पुढे टेकवावी, पण तिच्यावर भार देऊ नये. टेकलेली टाच तोल न जाता परत उचलता आली, तरच तळवा टेकवून भार पुढे न्यावा. पुढच्या पायावर सुमारे ७० टक्के भार आला की थांबावे. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकावा आणि बोटांच्या पुढे जाऊ नये. पुढचे पाऊल टाकताना भार आधी किंचित मागे घ्यावा, मग पुढच्या पायाचा चवडा बाहेर वळवावा. भरलेला, म्हणजे शरीराचा भार पेलणारा, पाय जमिनीवर तसाच फिरवला तर पीळ गुडघ्यात पडतो, आणि नवशिक्यांच्या गुडघेदुखीचे हे एक नेहमीचे कारण आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा चक्कर येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून, भिंतीजवळ उभे राहून सराव करावा.

पाऊल बसल्यावर हात जोडावेत. ‘ढगांसारखे हात’ या हालचालीत पुष्कळ जण नुसते हात फिरवतात. वास्तविक तेथे कंबर वळते आणि हात तिच्यामागून येतात. योगासनांचा सराव असलेल्यांना प्रत्येक हालचालीला श्वास बांधून घेण्याची सवय असते. ती येथे सुरुवातीला बाजूला ठेवून श्वास सहज चालू द्यावा.

रविवारी दोन तास घालवण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे द्यावीत. पातळ, सपाट तळव्याचे बूट घालावेत. वर्गात शेवटच्या रांगेत न राहता मध्ये उभे राहावे, कारण डाव्या टाचेची लाथ मारण्यापूर्वी सगळा वर्ग मागे वळतो, आणि तेव्हा शेवटच्या रांगेतल्या माणसापुढे पाहण्यासाठी कोणीच उरत नाही. घरीही तोंड रोज वेगळ्या भिंतीकडे करून संच करावा.

संच पाठ झाल्यावर शिक्षकांना ‘हात ढकलण्या’चा जोडीचा सराव मागावा. दोघांनी समोरासमोर उभे राहून मनगटे टेकवायची, आणि जोडीदाराचा जोर आला की अडवून न धरता भार मागच्या पायावर घेत कंबर वळवायची. एकट्याने करताना भार पुरता सरकला नव्हता, तर येथे पहिल्याच हलक्या धक्क्याला पाऊल उचलले जाते आणि कोणता पाय अर्धवट भरलेला होता, ते लगेच कळते.