स्वतःचा व्हिडिओ टाकायचाय? टाका की, पण फक्त स्वतःचाच

खापरावरचे मांडे कसे करायचे ते कुणाला नुसतं लिहून शिकवून दाखवा बरं. कणीक सैल पाहिजे पण तुटायला नको, पुरण भरलं की दोन्ही हातांवर फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत मोठी करायची आणि उपड्या खापरावर अलगद सोडायची, हे वाचून कुणाला जमणारे का? बघावंच लागतं, आणि नुसते हात बघूनपण भागत नाही, खांदे कसे फिरतात, खापराकडे नजर कधी जाते, सगळं दिसावं लागतं. त्यामुळे खानदेशातली कुणी मावशी-काकू विचारते ना, की चेहरा दाखवू का नको, तर माझं उत्तर ठरलेलं असतं, दाखवा.

अजून एक कारण आहे. आजकाल रेसिपीचे, औषधाचे, शेतीचे कितीतरी व्हिडिओ असे असतात की कुणाचीतरी क्लिप उचललेली, वरून मशीनचा आवाज, बोलणारा कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. चुकीचं सांगितलं तर धरायचं कुणाला? तुम्ही समोर उभं राहून बोलता तेव्हा त्या सांगण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. आणि चेहरा स्वतःचा असला की परवानगीचा प्रश्नच नाही, बाकी सगळ्यांना विचारावं लागतं. नवऱ्याला, सासूबाईंना, शेजारणीला, सगळ्यांना. "घरचेच तर आहेत" हे चालत नाही.

लहान मुलांचं तर मी सरळ नाहीच म्हणते. पाच वर्षांचं पोर "हो" म्हणालं तर ते मोबाईल बघून म्हणतं, पंधराव्या वर्षी तोच आंघोळीचा नाहीतर रडण्याचा व्हिडिओ वर्गात फिरला तर काय होईल हे त्याला आत्ता कळणार आहे का? (आजी-आजोबांना दाखवायचा असेल तर फॅमिली ग्रुपवर टाका, आणि तिथून पुढे पाठवू नका असं स्पष्ट सांगा.)

आता शूटिंग. मोबाईल आडवा धरा, खिडकी तुमच्या समोर येऊ द्या, पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा पडतो. फिल्टर नको. तयारीचं टेन्शन पण नको, यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ 23 एप्रिल 2005 ला आला, त्यात यूट्यूबच्या संस्थापकांपैकी एक असलेला जावेद करीम अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या सोंडेबद्दल काहीतरी बोलतो, 19 सेकंदात संपलं. घरात अहिराणी बोलत असाल तर व्हिडिओत पण अहिराणीच बोला, पुस्तकी मराठी आणायच्या नादात हात चुकतो. ज्यांना समजत नाही त्यांच्यासाठी खाली मराठी सबटायटल टाका.

रेकॉर्ड करायच्या आधी मागे काय दिसतंय ते एकदा बघून घ्या. लाईट बिल, गाडीचा नंबर, पोराचा शाळेचा युनिफॉर्म नाहीतर आयकार्ड, दारावरची पाटी, हे सगळं फ्रेमच्या बाहेर. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन सेव्ह होतं ते बंद करा, कारण ओरिजिनल फाईल तुम्ही कुणाला पाठवली तर ते सोबत जाऊ शकतं. आणि गावाला गेलात तर तिथला व्हिडिओ परत आल्यावर टाका, घराला कुलूप आहे हे जगाला सांगायची काय गरज?

यूट्यूबवर अपलोड करताना, व्हिडिओ कुणाला दिसावा याचे तीन पर्याय दिसतात. प्रायव्हेट म्हणजे तुम्ही ज्यांना बोलवाल तेवढेच बघणार. अनलिस्टेड सर्चमध्ये येत नाही, पण लिंक ज्याच्या हाती लागली तो बघतो आणि पुढेही पाठवतो, म्हणून त्याला गुप्त समजू नका. तिसरा पब्लिक. पहिला व्हिडिओ प्रायव्हेट टाकून बहिणीला नाहीतर मैत्रिणीला दाखवा, मागे काय राहून गेलंय ते तिला आधी दिसेल. लायसन्समध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स निवडलं तर तुमचं नाव देऊन कुणीही तो व्हिडिओ वापरू शकतो, शिकवायच्या व्हिडिओला मला ते आवडतं, पण ज्यांनी एकदा घेतला त्यांच्याकडून नंतर परत मागता येत नाही एवढं लक्षात ठेवा.

ओरिजिनल फाईल पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर ठेवाच. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकसकट 59 ॲप बंद केले तेव्हा गावागावातल्या किती पोरापोरींची सगळी मेहनत त्या एकाच ॲपवर होती.

कमेंट येतील, त्यात घाणेरड्या पण येतील. यूट्यूबवर ठराविक शब्द ब्लॉक करता येतात, ते आधीच भरून ठेवा, वाद घालत बसू नका. कुणी तुमचा चेहरा वापरून एआयने खोटा व्हिडिओ बनवला तर आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, मग यूट्यूबच्या प्रायव्हसी तक्रारीत टाका, आणि प्रकरण अश्लील किंवा धमकीचं असेल तर सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा, घरी बसून ऑनलाइन होते.