दर आठवड्याला नवी सोल, फंक, हिपहॉप आणि डान्स गाणी कशी शोधायची: एका बडोदेकर कानसेनाची पद्धत

मला सारखे मेसेज येतात की तू ही गाणी शोधतोस कुठून रे, आणि मी दर वेळी "असंच सापडतं" म्हणून सोडून देतो, पण असंच काही सापडत नाही, त्याच्यामागे आठवड्याचा एक तास जातो आणि एक शंभर पानी वही आहे. आई म्हणते आग्रा घराण्याच्या फैयाज खाँसाहेबांच्या गावात राहून हा मुलगा धडधड ऐकतो. असो. गायला येत नाही तर निदान कानसेन तरी होऊ या, म्हणून हे लिहितोय.

आधी वार पकडा

नवीन गाणी कधीही येतात असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. आधी अमेरिकेत मंगळवारी, ब्रिटनमध्ये सोमवारी असा प्रत्येक देशाचा वेगळा वार होता, मग १० जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवार ठरला. म्हणजे आपल्याकडे गुरुवारी रात्री बारा वाजले की बहुतेक नवीन माल ॲपवर आलेला असतो. मी रात्री जागत बसत नाही, शुक्रवारी जेवण झालं की दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर हेडफोन घेऊन जातो, तासभर, बास. रोज थोडं थोडं बघायला गेलात तर काहीच नीट ऐकून होत नाही, नुसतं अंगठ्याने पुढे सरकवणं होतं.

ॲपला शिकवा, पण त्याच्यावर विसंबू नका

स्पॉटिफायवर 'रिलीज रडार' शुक्रवारी बदलतं आणि 'डिस्कव्हर वीकली' सोमवारी. रिलीज रडार तुम्ही कोणाला फॉलो करता आणि काय ऐकता त्यावरून बनतं, म्हणून आवडलेल्या कलाकाराच्या पानावर जाऊन फॉलो दाबायचा आळस करू नका, नुसतं गाणं लाइक करून भागत नाही. आणि अकाउंट घरात वाटू नका! माझ्या भाचीने नवरात्रात नऊ दिवस माझ्याच फोनवरून गरबा वाजवला, पुढे दिवाळीपर्यंत मला दर शुक्रवारी नवीन कोरे गरबेच येत होते. गरब्याशी माझं वैर नाही, बडोद्यात राहून असू पण शकत नाही, पण तेव्हापासून कोणी फोन मागितला की आधी प्रायव्हेट सेशन चालू करून मग देतो.

नावं वाचा (सगळ्यात महत्त्वाचं हेच)

गाण्याच्या शेजारी तीन टिंबं असतात, ती दाबली की क्रेडिट्स दिसतात, म्हणजे कोणी वाजवलं, कोणी प्रोड्यूस केलं वगैरे, आणि अल्बमच्या पानावर खाली लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं, नाव बारीक अक्षरात असतं. आपण गायकाचं नाव बघतो आणि थांबतो, पण सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जीव ओतून गायलेलं गाणं) आणि फंक (त्याचंच ठेकेबाज भावंड) यांत खरी मजा मागे वाजवणाऱ्यांत आहे, तीच चार-पाच माणसं दहा ठिकाणी सापडतात.

माझंच उदाहरण देतो. ब्रिटिश गायिका ॲमी वाइनहाऊसचा २००६ चा 'बॅक टू ब्लॅक' बऱ्याच जणांनी ऐकलेला असेल. त्यातल्या बऱ्याच गाण्यांत मागे वाजवणारा बँड म्हणजे न्यूयॉर्कचे डॅप-किंग्ज. हे मुळात शॅरन जोन्स या गायिकेचे साथीदार, लेबल डॅपटोन, ब्रुकलिनचं. मग मी डॅपटोनच्या जुन्या रेकॉर्डांवरची नावं वाचत बसलो तर लिऑन मिशेल्स हे नाव भेटलं, सॅक्सोफोनपासून कीबोर्डपर्यंत काय पण वाजवतो हा माणूस. त्याचा स्वतःचा बँड एल मिशेल्स अफेअर, त्याने वू-टँग क्लॅनची हिपहॉप गाणी नुसत्या वाद्यांवर वाजवलीयेत, आणि त्याचं लेबल बिग क्राउन, २०१६ चं. त्या लेबलला फॉलो केलं, तर २०२१ मध्ये एका शुक्रवारी 'यती सीझन' नावाचा अल्बम आला आणि गच्चीवर बसल्या बसल्या कानात चक्क हिंदी शब्द! पिया मलिक नावाची गायिका, मागे तो जाडजूड जुन्या वळणाचा ड्रम, आणि वर हिंदी. पुढे याच मिशेल्सने नोरा जोन्सचा २०२४ चा अल्बम प्रोड्यूस केला, म्हणजे आपल्या पंडित रविशंकरांच्या मुलीचा. एका नावावरून सोल, हिपहॉप, हिंदी आणि परत रविशंकरांच्या घरी येऊन पोचलो, आणि यातलं काहीही मला कोणत्या ॲपने सुचवलेलं नव्हतं.

तर वहीत तीन रकाने करा: गाणं, वाजवणारे, लेबल. एखादं नाव तिसऱ्यांदा आलं की त्याच्याभोवती गोल करा आणि त्या माणसाची मागची सगळी कामं ऐका. लेबलसाठीही हेच.

हिपहॉपचं थोडं उलट चालतं

इथे नवीन गाण्याच्या पोटात जुनं गाणं असतं. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डवरचा फक्त ड्रमचा तुकडा लांबवत नेला, हिपहॉपचा वाढदिवस तोच धरतात. तेव्हापासून हेच चालू आहे, फंक गायक जेम्स ब्राऊनच्या १९७० च्या 'फंकी ड्रमर'मधला ड्रमर क्लाइड स्टबलफील्डचा ठेका किती गाण्यांत वापरला गेलाय याची गणती नाही. म्हणून नवीन रॅप आवडलं की 'हूसॅम्पल्ड' साइटवर त्याचं नाव टाका, आतला मूळ तुकडा कोणाचा ते कळतं आणि एक जुना फंक कलाकार फुकटात हाताला लागतो.

एक गोची मात्र लक्षात ठेवा. 'नवीन रिलीज' म्हणून जे येतं त्यातलं बरंच नवीन नसतं, ५० वर्षं जुनी रेकॉर्ड पुन्हा छापलेली असते आणि ॲप यंदाचं साल दाखवून मोकळं होतं. वाईट काही नाही त्यात, पण नव्या माणसाचं काम समजून मित्रांना पाठवलंत तर हसं होतं, माझं झालंय. शंका आली की 'डिस्कॉग्ज' या रेकॉर्डांच्या नोंदींच्या साइटवर बघा, तिथे प्रत्येक छपाईची वेगळी नोंद असते, २००० सालापासून लोक त्यात भर घालत आलेत.

डान्स म्युझिक ऐकताना मोजा

हाऊस, टेक्नो, ड्रम अँड बेस ही नावं ऐकून लोक गोंधळतात. घड्याळ लावा, १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा, चारने गुणा. ३१ आले म्हणजे मिनिटाला १२४, म्हणजे हाऊस असण्याची शक्यता दाट, कारण ते साधारण १२० ते १३० मध्ये असतं आणि चारही मात्रांवर सरळ ठोका असतो. १७० च्या पुढे पळत असेल तर ड्रम अँड बेस. हिपहॉप बहुतेक ८० ते १०० च्या आसपास डुलत चालतं. ज्यांचे पाय दर नवरात्रात आपोआप टाळ्या मोजतात त्यांना हे जड जाऊ नये.

एकच गाणं दोन रूपात येतं, छोटं रेडिओ एडिट आणि लांब एक्स्टेंडेड मिक्स. लांबच ऐका. सुरुवातीचा नुसता ठेका कंटाळवाणा वाटतो, पण तो डीजेला आधीच्या गाण्यातून यात शिरायला ठेवलेला असतो. आणि हे सगळं फक्त गोऱ्यांचंच असतं असं पण नाही, २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' हे मराठी हाऊस स्पिनिन या डच लेबलवर आलं, आमच्या सोसायटीच्या गणपतीत ते वाजलं तेव्हा शेजारच्या गुजराती काकूंनी मला अर्थ विचारला आणि माझी भंबेरी उडाली.

पैसे कुठे द्यायचे

छोट्या कलाकारांसाठी बँडकॅम्प. ऐकून बघता येतं, मग विकत घ्या, चांगल्या दर्जाची फाइल कायमची तुमची. एरवी डिजिटल विक्रीत साइट साधारण १५ टक्के ठेवते, पण मार्च २०२० पासून काही ठराविक शुक्रवारी आपला वाटा सोडते, त्याला बँडकॅम्प फ्रायडे म्हणतात. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला. त्याआधी पैसे भरलेत तर सूट कलाकाराला मिळत नाही. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत ना ते गुरुवारीच बघून ठेवा.

रेकॉर्ड मागवायचा मोह झाला तर 'प्री-ऑर्डर' हा शब्द दिसतोय का बघा, महिनोन्महिने थांबावं लागू शकतं. आणि शक्यतो थंडीत मागवा. माझी पहिली रेकॉर्ड मे महिन्यात अलकापुरीतल्या ऑफिसच्या पत्त्यावर आली, मी शहाणा ती स्कूटरला पुढे अडकवून निघालो आणि वाटेत खंडेराव मार्केटला भाजी घ्यायला थांबलो. गवार, भेंडी आणि अर्धा तास ऊन. घरी उघडली तर तळलेल्या पापडासारखी, सुई एका बाजूने वर चढायची आणि दुसरीकडून घसरायची. आमच्याच मूर्खपणाची आठवण म्हणून ती अजून भिंतीवर लावून ठेवलीये.

वाटताना एकच गाणं पाठवा

ग्रुपवर एकदम दहा लिंका टाकल्या की कोणी एकही उघडत नाही. आठवड्याला एक, सोबत लेबल, वाजवणाऱ्याचं नाव आणि एक ओळ की कोणत्या मिनिटाला काय ऐकायचं. मागे मी ते हिंदीवालं असंच घरच्या ग्रुपवर टाकलं होतं, "ड्रम ऐका" एवढंच लिहून. कोणाचंच उत्तर नाही. रात्री गच्चीवरून खाली आलो तर आई स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून तेच लावून बसली होती, मला म्हणाली ही बाई शब्द खाते, पण मागचा तबलजी बरा आहे, कोण आहे तो?