पिंक फ्लॉइडचे अल्बम कसे ऐकावेत आणि स्वतःचे मत कसे बनवावे

रॉक ऐकणाऱ्या अनेकांचे एखाद्या अल्बमविषयीचे मत म्हणजे त्यातल्या दोन-तीन गाजलेल्या गाण्यांविषयीचे मत असते. पिंक फ्लॉइडच्या बाबतीत असे करणे फार अन्यायाचे होते, कारण १९७० च्या दशकात या इंग्लिश बँडने आपली मोठी कामे सबंध अल्बमचा विचार करून रचली होती. ज्यांना हे अल्बम मुळातून ऐकायचे आहेत आणि तयार क्रमवाऱ्यांवर न विसंबता आपले मत ठरवायचे आहे, त्यांच्यासाठी मी पाळत आलेली पद्धत येथे मांडत आहे.

प्रथम ऐकण्याच्या साधनाची व्यवस्था लावावी. मोबाइलवरील ॲपमध्ये शफल बंद करावे आणि क्रॉसफेड शून्यावर ठेवावा. एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळण्याची ही सोय पार्टीत चालते, पण 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) मधील गाणी मुळातच एकमेकांना जोडून ध्वनिमुद्रित केलेली असल्यामुळे तेथे ती सरळ मोडतोड ठरते. हा अल्बम सुमारे ४३ मिनिटांचा आहे. तेवढा वेळ मोकळा नसेल तर त्या दिवशी तो लावूच नये. पाहुण्या गायिका क्लेअर टॉरी यांच्या शब्दविरहित गायनाने पहिली बाजू संपते, तेथे पूर्वी तबकडी उलटावी लागत असे. आजही त्या जागी मिनिटभर थांबावे, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या आरंभीचा नाण्यांचा आणि गल्ल्याचा आवाज जसा अचानक यायला हवा तसा येतो.

ऐकण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. १९६७ च्या पहिल्या अल्बमपासून सुरुवात करणे तर्कशुद्ध वाटते, परंतु मी तसे सुचवणार नाही. त्या अल्बमवर सिड बॅरेट यांच्या गीतलेखनाची छाप आहे, ते १९६८ मध्ये बँडमधून बाहेर पडले आणि पुढचे संगीत इतके वेगळे झाले की नवा श्रोता तेथेच अडकून पडतो. सुरुवात 'मेडल' (१९७१) पासून करावी. त्याची संपूर्ण दुसरी बाजू 'एकोज' या २३ मिनिटांहून मोठ्या एकाच रचनेने व्यापली आहे. लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून काढलेला, बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांच्या पियानोचा एकटा, थेंबासारखा स्वर तिच्या आरंभी येतो आणि त्या एका स्वरावरून सगळा डोलारा हळूहळू उभा राहतो. त्यानंतर १९७३, १९७५, १९७७ आणि १९७९ चे अल्बम क्रमाने ऐकून मगच मागे वळून १९६७ कडे जावे.

ऐकून झाल्यावर, कोणतेही परीक्षण वाचण्यापूर्वी, वहीत चार-पाच वाक्ये लिहावीत. तारका किंवा गुण देऊ नयेत, कारण वर्षभराने त्या आकड्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी लक्ष कोठे उडाले आणि कोठे परत आले, ते मिनिटासह नोंदवावे. 'ॲनिमल्स' (१९७७) मधील 'डॉग्ज' ही सुमारे १७ मिनिटांची रचना आहे. तिच्या मध्यावर एक शब्द पुन्हा पुन्हा घुमत राहतो, त्याचा मानवी आवाज हळूहळू विरत जातो, मागे सिंथेसायझरचे संथ सूर पसरतात आणि त्यांत यंत्रातून गाळलेले कुत्र्यांचे भुंकणे मिसळते. माझ्या सुरुवातीच्या नोंदीत त्या जागेपुढे 'कंटाळवाणे' असा शेरा आहे, तर अलीकडच्या नोंदीत तोच भाग संपूर्ण अल्बमचा कणा म्हणून उतरला आहे. ध्वनिमुद्रण तेच होते, दरम्यान माझा कान संथ संगीताला सरावला होता, आणि हा बदल मिनिटाच्या नोंदीमुळेच मला नेमका दाखवता येतो.

मत लिहिताना रचना, वादन आणि ध्वनिमुद्रण यांचा वेगवेगळा विचार करावा. 'विश यू वेअर हिअर' (१९७५) च्या शीर्षकगीतात पहिली गिटार जुन्या रेडिओतून येत असावी तशी मुद्दाम पातळ ठेवली आहे आणि तिच्यावर दुसरी, भरदार आवाजाची गिटार जणू शेजारी बसून वाजवल्यासारखी येते. येथे मनाला भिडणारे बरेचसे काम ध्वनिमुद्रणाचे आहे. 'द डार्क साइड ऑफ द मून'मधील 'मनी' या गाण्यात कौशल्य लयीचे आहे: सॅक्सोफोन सात मात्रांच्या आवर्तनावर वाजतो आणि गिटारचा एकल भाग सुरू होताच ठेका चार मात्रांवर येतो. रूपक आणि त्रिताल ऐकलेल्या कानाने मात्रा मोजून पाहाव्यात, तो बदल लगेच पकडता येतो. कोणती आवृत्ती ऐकली हेही लिहावे, कारण 'ॲनिमल्स'चे २०१८ मध्ये केलेले नवे ध्वनिमिश्रण (रीमिक्स) २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते मूळ आवृत्तीपेक्षा बरेच मोकळे वाटते.

प्रत्येक अल्बमकडे वर्ष-दीड वर्षाने परत यावे आणि नवी नोंद पूर्ण होईपर्यंत जुनी उघडू नये. याच रीतीने माझ्या मनात 'द वॉल' (१९७९) थोडा खाली आणि 'ॲनिमल्स' वर गेला. 'द वॉल'मध्ये कथा पुढे नेण्यासाठी काही गाणी घाईने आटोपली आहेत असे मला आता वाटते, आणि राइट यांच्या कीबोर्डला तेथे फारच कमी जागा मिळाली आहे. 'ॲनिमल्स'मध्ये रचनाकार म्हणून त्यांचे नाव कोठेही नसले, तरी 'शीप'च्या आरंभीचा त्यांचा इलेक्ट्रिक पियानो त्या गाण्याचे सगळे वातावरण ठरवून टाकतो. 'विश यू वेअर हिअर'चे पहिले स्थान मात्र माझ्याकडे कधीच हललेले नाही.

न आवडलेले अल्बमही या फेरीतून वगळू नयेत. 'द फायनल कट' (१९८३) मध्ये राइट नाहीत आणि जवळजवळ सगळा भार बँडचे बासवादक व गीतकार रॉजर वॉटर्स यांच्या शब्दांवर व आवाजावर आहे. मला तो अजूनही जड जातो. तरीही पुढच्या खेपेला त्याचे गीतलेखन आधी वाचून, मग तो हेडफोनवर सलग ऐकायचा असे मी ठरवले आहे.