स्वप्न चालू असताना ते ओळखण्याचा सराव

आपण स्वप्न पाहत आहोत हे स्वप्नातच कळणे, म्हणजे ल्युसिड ड्रीम किंवा सजग स्वप्न. झोपेत बहुतेक स्नायू शिथिल असले तरी डोळे हलतात, याचा उपयोग करून १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल येथे संशोधक कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाने स्वप्नातून डोळ्यांनी दिलेली ठरलेली खूण नोंदवली. पुढे अमेरिकेत संशोधक स्टीफन लाबर्ज यांनी अशी स्वप्ने पाहायला शिकण्याची पद्धत बांधली. खालील सराव मुख्यतः तिच्यावर आधारलेला आहे.

सुरुवात वहीपासून करावी. अनेक जण ही पायरी वगळतात आणि तिथेच फसतात, कारण स्वप्न आठवतच नसेल तर त्यात जाणीव झाली होती की नाही हेही कळणार नाही. वही-पेन उशाशी ठेवावे; जाग येताच कूस न बदलता आणि मोबाईल न पाहता, शेवटचे दृश्य आधी पकडून तेथून मागे मागे जात आठवावे आणि मगच लिहावे. आठवण तुटक असली तरी चालेल, नुसती भीती किंवा एखादा चेहराही नोंदवावा. दोन-तीन आठवड्यांनी वही वाचली की काही गोष्टी पुनःपुन्हा दिसू लागतात: जुनी शाळा, सुटलेली एसटी, अभ्यास न झालेली परीक्षा. या आपल्या स्वप्नखुणा.

तपासून पाहण्याची सवय स्वप्नातही उतरावी म्हणून, दिवसा अशा खुणेसारखे काही घडले की थांबून मनापासून विचारावे, ‘हे स्वप्न तर नाही?’ मग एखादी पाटी वाचावी, नजर वळवून पुन्हा वाचावी. स्वप्नात मजकूर बऱ्याचदा बदलतो. किंवा नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहावा, कारण स्वप्नात तो अनेकदा सहज घेता येतो. उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखी केलेली तपासणी मात्र व्यर्थ जाते.

स्वप्नांनी भरलेली आरईएम झोप (डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप) साधारण दर ९० मिनिटांनी येते आणि पहाटेकडे लांबत जाते. म्हणून झोपल्यावर सुमारे पाच तासांनी गजर लावून उठावे, वीस-तीस मिनिटे मंद उजेडात जागे राहावे आणि पुन्हा आडवे होताना नुकतेच पडलेले स्वप्न मनात आणून, त्यातील खूण आपण ओळखली अशी कल्पना करत म्हणावे, ‘पुढच्या स्वप्नात, हे स्वप्न आहे हे मला आठवेल.’ हे सुट्टीच्या दिवशीच करावे. रोजची झोप मोडणे मला अजिबात योग्य वाटत नाही. असे पुन्हा झोपताना किंवा जाग येताना शरीर थोडा वेळ हलेनासे झाले तर घाबरू नये, ते आपोआप सुटते. भ्रम होण्याचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा सराव करू नये.

हे स्वप्न आहे अशी जाणीव होताच आनंदाने अनेकदा जाग येते, म्हणून लगेच उडायला न जाता स्वप्नातले तळहात एकमेकांवर घासावेत आणि आजूबाजूच्या वस्तूंना स्पर्श करावा. स्वप्न तरीही मोडले, तर कोणत्या खुणेने जाणीव झाली ते वहीत लिहावे आणि पुढच्या वेळी पुन्हा झोपतानाच्या कल्पनेत तीच खूण घ्यावी.