युरोपीय अनुकरणवाचक शब्दांची व्युत्पत्ती शोधताना या चुका टाळा

आवाजाची नक्कल करून घडलेला शब्द म्हणजे अनुकरणवाचक शब्द. युरोपातल्या कक्कू पक्ष्याला लॅटिनमध्ये ‘कुकुलुस’, ग्रीकमध्ये ‘कोक्कुक्स’, जर्मनमध्ये ‘कुकुक’. शेजारी संस्कृत ‘कोकिल’ ठेवला की चौघांना एकाच मूळ शब्दाची लेकरं ठरवायचा मोह होतो. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वारशाने आलेल्या, शब्दाच्या सुरुवातीच्या ‘क’चा जर्मन शाखेत ‘ह’ होतो: शिंगाला लॅटिनमध्ये ‘कोर्नु’, तर जर्मनमध्ये ‘होर्न’. मग ‘कुकुक’मधला ‘क’ टिकला कसा? कारण हा शब्द वारशाचा नाहीच, तो पक्ष्याचा आवाज ऐकून पुढे केव्हातरी नव्याने घडला. जर्मनमधला जुना शब्द ‘गाउख’. आज तो ‘मूर्ख’ या अर्थाने उरलाय. इंग्रजीतही जुना शब्द मागे पडला आणि १३व्या शतकात फ्रेंचमधून आलेला ‘कक्कू’ रुजला. अशा वेळी कुटुंबाबाहेरची एखादी भाषा तपासावी. बास्कमध्ये ‘कुकू’ आहे, हंगेरियनमध्ये ‘काकुक’, आणि या दोन्ही भाषा इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मन यांच्या कुटुंबातल्या, नाहीत. म्हणजे नुसत्या साम्यावरून नातं सिद्ध होत नाही.

याच्या उलटी चूक अशी, की आज कानाला आवाज जाणवत नाही म्हणून शब्द अनुकरणवाचक नाही असं ठरवून टाकायचं. इंग्रजी ‘पिजन’ घ्या. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘पिपिओ’ म्हणजे चिवचिवणारं पिल्लू. त्याचं विभक्तिरूप ‘पिपिओनेम’ जुन्या फ्रेंचमध्ये ‘पिजॉन’ झालं. मधला ‘प’ गेला आणि त्याच्याबरोबर चिवचिवही गेली. ‘पाइप’ची गतही तीच. जुन्या इंग्रजीत तो ‘पीपे’ होता. पुढे इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांच्या मोठ्या उलथापालथीत ‘ई’चा ‘आइ’ झाला. प्लंबरच्या हातातल्या नळीत मुळात पिल्लाचा आवाज आहे, हे सांगून खरं वाटत नाही!

तिसरा सापळा फ्रेंचमधला. चाबकाला तिथे ‘फ्वे’ म्हणतात. उच्चारताच सपकन फटका बसल्यासारखं वाटतं. पण शब्द आला लॅटिन ‘फागुस’ म्हणजे बीच या झाडावरून. मूळ अर्थ बीचची छोटी काठी. मृत्यूघंटेचा ‘ग्ला’ही घंटेच्या ठोक्यातून नाही, तर ‘क्लासिकुम’ म्हणजे तुतारीच्या इशाऱ्यातून आला. भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांनी हीच दोन उदाहरणं दिली होती. म्हणून क्रम चुकवू नका: आधी सर्वांत जुनं नोंदलेलं रूप, मग शब्द उसना की वारशाचा, मग ध्वनिनियम, म्हणजे ‘क’चा ‘ह’ होण्यासारखे ठरलेले बदल. कानाचं मत शेवटी.

कोंबडा फ्रेंचमध्ये ‘कोकोरिको’, जर्मनमध्ये ‘किकेरिकी’, रशियनमध्ये ‘कुकारेकू’ करतो. म्हणून कोंबडे वेगळे ठरत नाहीत. प्रत्येक भाषा आपल्याकडच्या ध्वनींतच ऐकते. आपला पावशा मराठीला ‘पेर्ते व्हा’ सांगतो, इंग्रजीला ‘ब्रेन फीव्हर’.

जुनी नोंद आजच्या उच्चाराने वाचू नये, हे तर नेहमीच विसरलं जातं. इसवी सनापूर्वी ५व्या शतकातला ग्रीक नाटककार क्रातिनोस याच्या एका ओळीत एक मूर्ख माणूस मेंढीसारखा ‘बीटा, ईटा’ या दोन अक्षरांत ओरडत चालतो. आजच्या ग्रीक उच्चाराने ते होतं ‘वी वी’. कुठलीच मेंढी ‘वी’ करत नाही. तेव्हा बीटा ‘ब’ होता आणि ईटा लांब ‘ए’, असा निष्कर्ष अभ्यासकांनी या ओळीवरून काढला. आजचे ग्रीक लोक मेंढीचा आवाज लिहितात तेव्हा त्यांना ‘ब’साठी दोन अक्षरं जोडावी लागतात.