डॉक्टर असलेल्या पुढाऱ्याचं चरित्र लिहायचंय? नाशिककरांनी अशी सुरुवात करा

डॉक्टरकी करून राजकारणात गेलेली माणसं आपल्या जिल्ह्यात बरीच आहेत, पण त्यांच्यावर जे लिहिलं जातं त्यात पदं, सत्कार आणि फोटो एवढंच असतं. तुम्ही प्रोजेक्टसाठी किंवा दिवाळी अंकासाठी लिहिणार असाल तर एकच प्रश्न धरून बसा, सत्ता मिळाल्यावर ह्या माणसातला डॉक्टर कुठे दिसला?

आधी कागद गोळा करा. निवडणूक आयोगाच्या साइटवर उमेदवाराचं शपथपत्र मिळतं, फॉर्म 26, पदवी तिथूनच घ्या, व्हॉट्सअपवरून नको. जुने पेपर बघायचे तर सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन विचारा.

मग सभागृहातलं काम, आणि खरा मसाला इथेच आहे. डॉ. भारती पवारांचं उदाहरण घ्या, एमबीबीएस, आधी जिल्हा परिषद, 2014 ला दिंडोरीत लोकसभेला राष्ट्रवादीच्या तिकिटावर हरल्या, 2019 ला भाजपकडून निवडून आल्या आणि जुलै 2021 मध्ये केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या. म्हणजे 2021 पर्यंत त्यांनी खासदार म्हणून विचारलेले प्रश्न शोधायचे आणि त्यानंतर मंत्री म्हणून दिलेली उत्तरं, दोन्ही लोकसभेच्या साइटवर आहेत, शेजारी शेजारी ठेवून वाचा. फक्त उत्तरं खात्यातले अधिकारी तयार करतात हे लक्षात असू द्या, प्रश्नांवरून माणूस जास्त कळतो असं मला वाटतं. आणि 2024 चा पराभवही लिहा बरं का, तो गाळला की चरित्राचं पत्रक होतं.

शेवटी माणसं. घरच्यांच्या आधी जुना कंपाउंडर गाठा. त्याला "डॉक्टर कसे होते" असं विचारलं तर "देवमाणूस" म्हणून मोकळा होईल, त्यापेक्षा विचारा की फी कोणाकडून घ्यायचे नाहीत, औषधाच्या बाटलीवर डोसाची कागदी पट्टी कोण कापून चिकटवायचं, प्रचार सुरू झाल्यावर ओपीडी कोणी सांभाळली, दवाखाना नक्की कधी बंद झाला. ह्या शेवटच्या प्रश्नावर माणसं जरा थांबतात आणि मग खूप बोलतात, तेव्हा मध्ये तोंड घालू नका.

पेशंटचं नाव आणि आजार मात्र त्याने स्वतः हो म्हटल्याशिवाय छापायचा नाही. मसुदा घरच्यांना दाखवायचा तो तारखा आणि नाती तपासायला, मतं बदलून द्यायला नाही, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाका.